कच्ची रेखाटनं आणि पूर्ण चित्र: पिकासोच्या ‘गेर्निका’च्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्र फ्रेममध्ये गेलं की त्याच्यामागचे कागद बहुधा माळ्यावर जातात, नाहीतर रद्दीत. ‘गेर्निका’चे कागद मात्र टिकले, तेही तारखांसकट. त्यामुळे कच्च्या रेखाटनांमधून पूर्ण चित्र नेमकं कसं घडतं, हे इथे अंदाजाने सांगावं लागत नाही. चित्रकलेच्या वर्गात आणि प्रदर्शनांमध्ये पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न खाली घेतले आहेत.

उदाहरण म्हणून ‘गेर्निका’च का?

पुरावा भरपूर आहे म्हणून. या चित्राशी जोडलेली ४५ रेखाटनं आणि अभ्यासचित्रं आज एकत्र ठेवलेली आहेत. पिकासो कागदावर तारीख घालायचा, आणि एका दिवसात अनेक कागद झाले तर त्यांचा क्रमही लिहायचा. शिवाय कॅनव्हासवर काम सुरू असताना दोरा मार या छायाचित्रकर्तीने चित्राच्या बदलत्या अवस्थांचे फोटो काढून ठेवले. एखादं चित्र घडताना त्यात होणारे बदल फोटोंमध्ये टिपून ठेवायला हवेत, असं पिकासो १९३५ सालीच ख्रिस्तियान झेर्व्होस या कलासमीक्षकाशी झालेल्या संभाषणात म्हणाला होता. दोन वर्षांनी ते प्रत्यक्षात आलं.

याच्या अगदी उलट मायकेलअँजेलो. मरणापूर्वी त्याने आपली बरीच रेखाटनं जाळून टाकली, असं त्याचा चरित्रकार वसारीने लिहून ठेवलं आहे. आपण किती कष्ट उपसले ते कोणाला दिसू नये म्हणून. पिकासोने ते कष्ट मुद्दाम दाखवले. यात एक गोम आहे, ती ध्यानात ठेवावी. हे कागद उद्या लोक बघणार आहेत हे ज्याला ठाऊक असतं, तो थोडं तरी बघणाऱ्यांसाठी काढतोच. तरीही एवढा सलग माग दुसऱ्या कुठल्या मोठ्या चित्राचा क्वचितच मिळतो.

चित्राची पार्श्वभूमी काय होती?

१९३७ च्या जानेवारीत स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने पिकासोला पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातल्या स्पॅनिश दालनासाठी भित्तिचित्र करायला सांगितलं. देशात यादवी युद्ध पेटलेलं होतं. त्याने होकार दिला, पण काम काही सुरू होईना. १८ आणि १९ एप्रिलला त्याने थोडी रेखाटनं केली, त्यांचा विषय होता स्टुडिओतला चित्रकार आणि त्याचं मॉडेल. युद्ध चालू असलेल्या देशाच्या दालनासाठी हा विषय! पण १९ एप्रिलच्याच एका रेखाटनात कोयता-हातोडा धरलेला एक हातही आहे. हा हात लक्षात ठेवा, पुढे त्याची गोष्ट येणार आहे.

२६ एप्रिलला, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, सरकारविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या मदतीला आलेली जर्मन हवाई तुकडी काँडोर लीजन आणि त्यांच्या साथीला असलेल्या इटालियन विमानांनी गेर्निका या बास्क गावावर बाँब टाकले. पॅरिसच्या वर्तमानपत्रांमध्ये बातम्या आणि फोटो आले. १ मे रोजी पिकासोने नवे कागद पुढ्यात घेतले. ११ मे रोजी दोरा मारने कॅनव्हासच्या पहिल्या अवस्थेचा फोटो काढला आणि जूनच्या सुरुवातीला चित्र पूर्ण झालं. म्हणजे सगळा खेळ जेमतेम पाच आठवड्यांचा.

पहिल्या रेखाटनात पूर्ण चित्र दिसतं का?

काही बाबतींत चक्रावून टाकण्याइतकं दिसतं. १ मेचा पहिला कागद साधारण २१ बाय २७ सेंटिमीटरचा आहे, वहीच्या पानाएवढा. निळसर कागदावर पेन्सिलच्या घाईघाईच्या थोड्या रेषा. पण बैल आहे, घोडा आहे, आणि खिडकीतून हात लांब करून दिवा धरणारी बाई आहे. पूर्ण चित्रातही हे तिघं आहेत आणि ती बाई अजून तशीच हात लांबवून दिवा धरते आहे.

यावरून काही जण म्हणतात, ‘बघा, त्याला सगळं पहिल्या दिवशीच दिसलं होतं.’ हे पटण्यासारखं नाही. त्याला पात्रं मिळाली होती. कोण कुठे उभं राहणार, कोण कोणाकडे बघणार, कोण मेलेलं आणि कोण जिवंत, आणि मुख्य म्हणजे या सगळ्याचा सूर काय, यातलं काहीच ठरलं नव्हतं.

मग मधल्या दिवसांत काय चाललं होतं?

दोन वेगळी कामं, आणि ती वेगळी ओळखायला हवीत. एक काम म्हणजे आकृती शोधायची. घोड्याचं डोकं, बैलाचं डोकं, मेलेलं मूल कवटाळलेली आई, हे सगळं एकेकटं, मोठं काढून बघायचं. दुसरं काम म्हणजे मांडणी: सगळ्यांना एका चौकटीत बसवायचं. पहिलं काम बहुतांशी कागदावर झालं. दुसरं सुरू कागदावर झालं, पण मिटलं कॅनव्हासवर.

कागदावर काय काय येऊन गेलं ते पाहण्यासारखं आहे. १ मेच्या एका रेखाटनात बैलाच्या पाठीवर छोटासा पंख असलेला घोडा बसला आहे; दुसऱ्यात तोच चिमुकला घोडा जखमी घोड्याच्या पोटातून बाहेर पडतो आहे, जणू मरणाऱ्याचा आत्मा. त्यानंतर तो गायब होतो तो कायमचा. ९ मेला एक आई मेलेल्या मुलाला घेऊन शिडीवरून उतरताना दिसते. शिडी पुढे गेली, आई राहिली, पण तिला थेट बैलाच्या तोंडाखाली आणून बसवलं. ९ मेच्याच पूर्ण मांडणीच्या रेखाटनात गाडीचं चाक आहे, पेटलेली घरं आहेत, वर उठलेल्या मुठी आहेत. चाक गेलं. घरं नावापुरती उरली. मुठींचं काय झालं ते पुढच्या उत्तरात.

आता बैल बघा. कॅनव्हासच्या सुरुवातीच्या फोटोंमध्ये त्याचं धड चित्राच्या मध्याकडे पसरलेलं आहे. पुढच्या अवस्थांमध्ये पिकासोने ते धड फिरवून डाव्या कडेला नेलं. दोन गोष्टी साधल्या. मधली जागा घोड्यासाठी मोकळी झाली, आणि बैल आता आईच्या डोक्यावर उभा राहिला. तो तिचं रक्षण करतोय की नुसता बघतोय, हे न कळण्यातच त्या कोपऱ्याची ताकद आहे. हे कुठल्याही छोट्या कागदावर ठरलेलं नव्हतं. रेखाटनांनी बैल कसा दिसतो ते सांगितलं होतं. तो कुठे हवा ते कॅनव्हासने सांगितलं.

वर उठलेल्या मुठीचं काय झालं?

या प्रश्नासाठी एवढा सगळा प्रपंच.

कॅनव्हासच्या पहिल्या फोटोत जमिनीवर पडलेल्या सैनिकाचा हात सरळ वर उठलेला आहे आणि मूठ आवळलेली आहे. डाव्या आघाडीची ती त्या काळातली सलामी. १९ एप्रिलच्या कागदावरचा हात इथे, मधल्या संहारातून वाट काढत, मोठा होऊन पोचला होता. दुसऱ्या फोटोत ती मूठ आणखी भरदार होते, तिच्यात ओंब्यांचा जुडगा येतो आणि मागे भलामोठा सूर्य उगवतो. प्रजासत्ताक सरकारच्या दालनात हे शोभलंही असतं. मंत्री खूश झाले असते.

तिसऱ्या फोटोत हात नाही. सूर्य चपटा होऊन बदामी आकारात उरला आहे. शेवटच्या चित्रात त्याच आकारात विजेचा दिवा लटकतो आणि खालचा सैनिक फुटक्या पुतळ्याचे तुकडे होऊन पडलेला आहे. हातात मोडकी तलवार, आणि तिच्याजवळ एक बारकंसं फूल. आशेपैकी एवढंच शिल्लक.

नुसतं मांडणीचं गणित बघितलं तरी हात काढणं समजतं. मधोमध उभी रेषा असली की डोळा तिथेच अडकतो, आणि दोन्ही बाजूंनी दिव्याकडे चढत जाणारा त्रिकोण तुटतो. पण माझ्या मते गणित हे अर्धंच कारण. मेलेला माणूस घोषणा देत राहिला की बघणारा सुटतो. त्याला वाटतं, चला, लढा चालू आहे. मूठ पुसल्यावर सुटायला जागा उरत नाही. या चित्रातला सर्वांत मोठा निर्णय आज चित्रात दिसतच नाही, आणि फोटो नसते तर तो कोणाला कळलाही नसता.

एखादं अभ्यासचित्र लगेच वापरलं गेलं नाही, तर ते वाया गेलं का?

घोड्याच्या डोक्याकडे बघा. २ मेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, पिकासोने किंचाळणाऱ्या घोड्याचं डोकं वेगळं काढलं: तोंड वासलेलं, दात विचकलेले, जीभ सुऱ्याच्या पात्यासारखी टोकदार. पेन्सिलनेही काढलं, तैलरंगातही. पण कॅनव्हास सुरू झाला तेव्हा घोड्याचं डोकं खाली, जमिनीकडे कलंडलेलं होतं. किंकाळीचं डोकं बाजूलाच पडलं होतं. पुढे बैल सरकला, मधली जागा रिकामी झाली, आणि ते डोकं एकदम वर उचललं गेलं, त्याच टोकदार जिभेसह. आज ‘गेर्निका’ म्हटलं की बहुतेकांना आधी तेच आठवतं.

तयार असलेली आकृती अशी योग्य जागा रिकामी होईपर्यंत थांबून राहते. जागा झाली तेव्हा ती हाताशी होती, हे महत्त्वाचं. नसती तर त्या धावपळीत ती सुचली असती याची खात्री कोण देणार?

उलट प्रवासही झाला. रडणाऱ्या बाईची कितीतरी अभ्यासचित्रं मे-जूनमध्ये झाली. ती चित्रात मावली नाहीत, आणि पिकासो ‘गेर्निका’ संपल्यावरही तीच बाई काढत राहिला. शेवटी त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला रंगवलेलं ‘वीपिंग वुमन’ हे स्वतंत्र चित्र झालं. ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

छोटं रेखाटन एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर कसं उतरवलं?

‘गेर्निका’ ३४९ बाय ७७७ सेंटिमीटरचं आहे, फुटांत सांगायचं तर सुमारे साडेअकरा बाय साडेपंचवीस. ज्या स्टुडिओत ते रंगवलं तिथे एवढी उंची मिळेना, म्हणून कॅनव्हास तिरका करून बसवावा लागला.

रेखाटन मोठं करायची शाळेत शिकवतात ती पद्धत म्हणजे चौकटी पाडणं: छोट्या चित्रावर आणि मोठ्या पृष्ठभागावर सारख्याच संख्येच्या चौकटी, आणि मग घर-घर उतरवत जायचं. यासाठी दोन्हींचं प्रमाण सारखं लागतं. इथे तसं नव्हतंच. १ मेच्या कागदाची रुंदी उंचीच्या सव्वापटीहून जरा जास्त. कॅनव्हासची रुंदी उंचीच्या सव्वादोन पट. पहिलं रेखाटन जसंच्या तसं ताणलं असतं तर बैलाचा अजगर झाला असता. मधला टप्पा ९ मेच्या रेखाटनात दिसतो. त्याचा कागद २४ बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास दुप्पट रुंद. गर्दी आडवी पसरायला तिथूनच सुरुवात झाली. कागदाच्या आकारानेही चित्र घडवलं, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यानंतर पिकासोने चौकटींच्या वाटेला न जाता थेट कॅनव्हासवर रेषा मारल्या आणि गरज पडेल तशा बदलल्या.

इटालियन भित्तिचित्रकारांची पद्धत वेगळी होती. गिलावा ओला असेतो रंग लावायचा, म्हणजे चुकायला वाव नाही. म्हणून भिंतीएवढ्याच मापाचं रेखाटन कागदावर करायचं, रेषांवर सुईने टोचे मारायचे, कागद भिंतीला लावायचा आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. भरतकामासाठी टोचलेल्या बटर पेपरवरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवून नक्षी साडीवर उतरवतात, ती हीच युक्ती. राफाएलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’चं असं टोचलेलं रेखाटन मिलानच्या अंब्रोझियानात आहे, आठ मीटर लांब. पण त्यात पायऱ्यांवर कोपर टेकून बसलेला खिन्न तत्त्वज्ञ हेराक्लायटस नाही! तो भिंतीवर नंतर आला. इतकं पक्कं ठरवूनही शेवटचा शब्द भिंतीचाच.

चित्र करडं-काळं-पांढरं आहे, मग रंगीत अभ्यासचित्रं का केली?

रंग नको आहे हे रंग वापरूनच कळलं असावं. आई आणि मुलाच्या काही रेखाटनांत खडूचे भडक रंग आहेत. कॅनव्हासवरही एका टप्प्यावर पिकासोने बायकांच्या कपड्यांच्या जागी नक्षीदार वॉलपेपरचे तुकडे टाचून बघितले. ते फोटोंत दिसतात. मग सगळे काढले. घोड्याच्या अंगावर राहिल्या त्या बारीक उभ्या रेघा, वर्तमानपत्राच्या ओळींसारख्या.

म्हणजे १ मेच्या आधी डोक्यात काहीच नव्हतं?

होतं की. १९३५ च्या ‘मिनोटोरोमाकी’ या एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रात) बैलाच्या डोक्याचा माणूस, जखमी घोडा, मेणबत्ती धरलेली मुलगी आणि शिडी असा सगळा संच तयार होता. १९३७ च्या जानेवारीत सुरू केलेल्या ‘ड्रीम अँड लाय ऑफ फ्रँको’ या एचिंग मालिकेतही बैल आणि घोडा आहेत; तिचे शेवटचे काही चौकोन तर ‘गेर्निका’ झाल्यावर भरले. एका चित्राचं पूर्ण रूप दुसऱ्याची कच्ची तयारी ठरतं, हे असं. १ मेच्या घाईतल्या रेषांमागे निदान दोन वर्षांचा साठा होता.

सगळेच चित्रकार असंच काम करतात का?

नाही. तयारी हा शब्द एकच असला तरी प्रत्येकाची अडचण निराळी असते. ‘मेड्युसाचा तराफा’ हे चित्र रंगवणाऱ्या तेओदोर जेरिकोची अडचण होती: गोष्टीतला कुठला क्षण रंगवायचा? १८१६ च्या जुलैमध्ये ‘मेड्युसा’ ही फ्रेंच युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतली. तराफ्यावर लोटलेल्या १४७ जणांपैकी तेरा दिवसांनी १५ जिवंत सापडले. जेरिकोने वाचलेल्यांना गाठलं, त्यांच्यातल्याच सुताराकडून तराफ्याची छोटी प्रतिकृती करून घेतली. मग रेखाटनांत एकेक प्रसंग तपासला: तराफ्यावरचं बंड, माणसांनी माणसं खाल्ली तो प्रकार, सुटकेची होडी. शेवटी निवडला तो क्षण क्षितिजावर ‘आर्गस’ जहाज दिसतं तो, आणि तेही नुसता ठिपका. आधीच्या रेखाटनांत जहाज मोठं आहे. ते जसजसं लहान होत गेलं तसतशी तराफ्यावरची धडपड वाढत गेली.

याच माणसाने इस्पितळातून प्रेतांचे तुटलेले हातपाय आणि शिरं आणून त्यांची तैलरंगात अभ्यासचित्रं केली. पण १८१९ च्या पूर्ण चित्रात तुटका अवयव एकही नाही, आणि तेरा दिवसांचे उपाशी लोक पैलवानांसारखे भरदार आहेत! मग त्या प्रेतांचं काय झालं? ती कातडीच्या रंगात आली. त्या फिकट, हिरवट झाकेत. अभ्यासचित्राचा आकार सोडून फक्त रंग पुढे जातो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जॉर्ज स्यूराची तऱ्हा तिसरी. ‘ग्रांद जात बेटावरचा रविवार’ या चित्रासाठी त्याने सिगारच्या डब्याच्या झाकणाएवढ्या फळ्यांवर जागेवर जाऊन रंगवलं, स्टुडिओत काळ्या काँते खडूने एकेक आकृती काढली, आणि मग १८८४ ते १८८६ अशी दोन वर्षं मोठ्या कॅनव्हासवर ती जुळवत बसला. त्याच्याकडे अपघाताला जागा नव्हती.

रेखाटनाशिवाय थेट रंगवलेलं चित्र मोठं नसतं का?

असतं. काराव्हाज्योचं एकही रेखाटन आजवर खात्रीने सापडलेलं नाही. पण त्याच्या काही कॅनव्हासवर ओल्या अस्तरात ओढलेल्या खुणांचे ओरखडे दिसतात, म्हणजे मॉडेल समोर बसवून डोकं-खांदा कुठे येतो ते तो तिथेच आखून घ्यायचा. तयारी होती, वेगळा कागद नव्हता.

रंगाखाली काय दडलंय ते कसं कळतं?

कोळसा किंवा काळी शाई कार्बनची असते, आणि कार्बन अवरक्त (इन्फ्रारेड) किरण शोषून घेतो. वरचे बरेच रंग या किरणांना अडवत नाहीत. त्यामुळे अवरक्त कॅमेऱ्यात खालची रेघ काळी उमटते. क्ष-किरणांत उलट शिशाचा पांढरा रंग उठून दिसतो, म्हणून आधी रंगवलेला आणि नंतर झाकलेला हात तिथे सापडतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कागदावरची रेखाटनं नसलेल्या चित्रांचाही कच्चा इतिहास बराचसा वाचता येतो.

आपल्याकडे अशी परंपरा होती का?

होती, आणि शिस्तीची होती. अजिंठ्यात जिथे वरचा रंग उडाला आहे तिथे खालची गेरूची रेषा दिसते. रंग भरून झाल्यावर वरून पुन्हा बाह्यरेषा ओढायचे. लघुचित्रांच्या कारखान्यांत खाका हा ठेवा असायचा. हरणाच्या पारदर्शक कातड्यावर आकृती उतरवायची, टोचायची, कोळशाच्या पुडीने दुसऱ्या कागदावर घ्यायची. बापाने केलेला खाका मुलगा-नातू वापरायचे. इथे रेखाटन एका चित्राची तयारी नसून घराण्याची पुंजी होती. तरी रेषेवर पांढऱ्याचा पातळ हात देऊन पुन्हा नव्याने काळी रेषा मारायची सोय होतीच. गुलेर या पहाडी संस्थानातल्या नैनसुख या चित्रकाराची रेखाटनं बघितली की ही दुरुस्ती किती जिवंत असू शकते ते कळतं.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. लंडनला पाठवलेल्या त्या कॅनव्हासांपैकी बरेच १८८५ च्या आगीत गेले.

कच्चं स्केच पूर्ण चित्रापेक्षा जास्त जिवंत वाटतं. हा आपला भ्रम आहे का?

भ्रम नाही, पण थोडी लबाडी आहे. कच्च्या रेखाटनात गाळलेली जागा आपण स्वतः भरतो आणि श्रेय चित्रकाराला देतो. जॉन कॉन्स्टेबल सहा फुटी कॅनव्हासची तयारी म्हणून आधी तेवढ्याच मापाचं तैलरंगातलं स्केच करायचा. ‘हे वेन’चं ते स्केच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे आणि १८२१ चं पूर्ण चित्र नॅशनल गॅलरीत. स्केचमधले फटकारे आजच्या डोळ्याला जास्त आवडतात, मलाही आवडतात. पण पूर्ण चित्रातली ओल, पाण्याचा थंडावा आणि लांबच्या शेतावरचं ऊन स्केचमध्ये नाही. ते त्या फटकाऱ्यांनी येणारच नव्हतं.

विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावं?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत एक कागद, ठरलेला वेळ आणि खोडरबर एवढंच असतं. स्मरणचित्र काढायला बसलेलं पोर पहिली रेघ चुकली की पुसतं. परीक्षेत ते बरोबरच आहे, पण तीच सवय पुढे राहिली की पहिल्या कल्पनेलाच घासूनपुसून चिकटून बसायची खोड लागते. घरी काम करताना खोडू नका. शेजारी नवं काढा.

आता एक उघड गुपित. सबमिशनला अंतिम कामासोबत लेआउट जोडायचे असतात, आणि कितीतरी मुलं ते चित्र पूर्ण झाल्यावर, आदल्या रात्री बसून करतात. शिक्षकांना हे कळतं. मागाहून केलेले पाचही लेआउट अंतिम चित्राकडेच तोंड करून उभे असतात. त्यांच्यात पंखांचा घोडा कधी सापडत नाही.

बाकी सल्ला थोडकाच. कागदाच्या मागे तारीख घाला. अंतिम चित्राचं जे प्रमाण असेल त्याच प्रमाणाची चौकट आखून त्यात मांडणी करा. आकृतीचा अभ्यास आणि मांडणीचा अभ्यास एकाच कागदावर कोंबू नका. मोठा बदल करण्याआधी मोबाइलने एक फोटो घ्या. आणि अभ्यासचित्र इतकं घोटू नका की खऱ्या चित्राच्या वेळी हात कंटाळलेला असेल.

टॅबवर काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे का?

लागू आहे, फक्त धोका उलटा आहे. कागद उरतो, ‘अनडू’ काहीच उरू देत नाही. प्रोक्रिएटसारखं ॲप कामाचं चित्रीकरण आपोआप ठेवतं, ते बंद करू नका. जुनी मांडणी पुसण्याऐवजी तिचा लेयर लपवून ठेवा.

ही रेखाटनं प्रत्यक्ष कुठे पाहता येतात?

माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात. चित्र आणि रेखाटनं न्यूयॉर्कच्या मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) या संग्रहालयातून १९८१ मध्ये स्पेनला आली आणि १९९२ पासून या संग्रहालयात आहेत. आधी रेखाटनं आणि दोरा मारचे फोटो बघा, मग मोठ्या कॅनव्हाससमोर जा; उलट गेलात तर कागदांकडे लक्ष जात नाही. पूर्वी चित्राचा फोटो काढायला बंदी होती, २०२३ पासून फ्लॅश न वापरता काढता येतो. जाणं जमणार नसेल, तर संग्रहालयाने अवरक्त आणि क्ष-किरणांसकट चित्राच्या मोठ्या प्रतिमा ऑनलाइन खुल्या ठेवल्या आहेत. त्या मोबाइलवर बघू नका, मोठा पडदा मिळवा.